वडिलांची गॅदरिंगची हिशोबवही, १९५७-५८

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. पंचवटीतलं आमचं जुनं घर पाडून तिथे इमारत होणार आहे, म्हणून गेल्या महिन्यात माळा रिकामा केला. पत्र्याच्या ट्रंकेत, वडिलांच्या कोटाखाली, लाल कापडी बांधणीची एक वही निघाली. पहिल्या पानावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलंय, ‘स्नेहसंमेलन १९५७-५८. नाट्यविभाग. हिशोब.’ वडील तेव्हा ज्युनिअर बी.ए.ला होते. पुढे जन्मभर त्यांनी सरकारी कचेरीत फायली सांभाळल्या. नाटकाचा विषय त्यांच्या तोंडून आम्ही कधीही ऐकला नव्हता. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली, त्यामुळे आता विचारायचं तरी कुणाला?

काही नोंदी जशाच्या तशा देते.

पेट्रोमॅक्स २ नग, भाडे ३ रु.
रॉकेल व मेंटल, ८७ न.पै.
पडदा ओढणारा गडी, १ रु. ५० न.पै.
सफेदा, कुंकू, मिशांचा डिंक, २ रु. १२ न.पै.
चहा ४० कप (तालमी धरून)

आणि मग पैशांचा रकाना कोरा सोडून, ‘पातळ १, मोतिया, जरीकाठी. आणले.’ चार पानं उलटल्यावर, ‘पातळ परत. डाग राहिला. माफी मागितली.’

त्या शेवटच्या ओळीने मला दोन रात्री झोप लागू दिली नाही. कुणाचं पातळ? कसला डाग? माफी कुणाची?

तेव्हा प्रश्न दोन. एक, १९४०-६५ च्या काळात नाशिकच्या (आणि आसपासच्या) कॉलेजांतली मुलंमुली अभ्यास सोडून काय काय करायची? तुमच्या घरच्यांनी सांगितलेलं, तुम्ही स्वतः केलेलं, सगळं लिहा. दोन, या पातळाबद्दल कुणाला काही सुचतंय का? लोक या सगळ्याला ‘अभ्यासेतर’ म्हणतात, पण मला माझे वडील त्यांच्या डिग्रीच्या कागदापेक्षा या वहीत जास्त भेटले.

चिवडामिसळ

चाळीस कप चहा आणि बरोबर खायला काहीच नाही? नाशिकमध्ये? ताई, पुढची पानं नीट बघा. चिवडा असणार म्हणजे असणारच.

गोदाकाठची

@चिवडामिसळ, आहे! ‘चिवडा ३ शेर.’ शेवटून दुसऱ्या पानावर.

तिसरी घंटा

पातळाचं कोडं अर्धं तरी सोपं आहे. त्या काळात बऱ्याच कॉलेजांत मुलंच बायकांच्या भूमिका करायची. मुलामुलींनी मिळून नाटक करायला कुठे प्राचार्यांची ना, कुठे घरच्यांची ना. मग लुगडं-पातळ, बांगड्या, आंबाडा असं सगळं घराघरांतून मागून आणायचं. कपडेपट भाड्याने मिळायचा, पण तो ऐतिहासिक नाटकांचा. जिरेटोप, अंगरखे, तलवारी. सामाजिक नाटकातल्या मध्यमवर्गीय सूनबाईचं पातळ भाड्याने कोण देणार? ते कुणाच्या तरी आईच्या, नाहीतर बहिणीच्या ट्रंकेतूनच यायचं.

नाशिकला त्या काळात नाटकाची हवा चांगलीच तापलेली होती. वसंत कानेटकर १९४६ पासून इथे एच.पी.टी. कॉलेजात प्राध्यापक होते आणि १९५७ मध्येच त्यांचं पहिलं नाटक पुण्याच्या पी.डी.ए. (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) या नाट्यसंस्थेने रंगमंचावर आणलं होतं. म्हणजे तुमच्या वडिलांचं गॅदरिंग नेमकं त्याच हंगामातलं. राज्य नाट्यस्पर्धा १९५४ पासून सुरू होती. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक मात्र १९६३ चा. त्याआधी कॉलेजच्या पोरांना एकांकिका करायची तर गॅदरिंग हीच मुख्य जागा. वर्षातून एक रात्र! त्या एका रात्रीसाठी दोन महिने तालमी.

वहीत नाटकाचं नाव आहे का?

गोदाकाठची

नाव कुठेच नाही. फक्त ‘पात्रे ७, पैकी स्त्री २’. पातळ मात्र एकच आणलंय. दुसऱ्या बाईचं काय केलं असेल?

तिसरी घंटा

दुसरी म्हातारी असणार. म्हाताऱ्या बाईला जुनं लुगडं कुठूनही मिळतं, त्याची नोंद कोण करतंय!

सायकलवाला

मी एस.एस.सी. म्हणजे तेव्हाची अकरावी होऊन १९५८ च्या जूनमध्ये कॉलेजात गेलो. आता चौऱ्याऐंशी सुरू आहे. नातवाने हा धागा वाचून दाखवला. मी सांगतो, तो टाइप करतो.

कॉलेज रोड आज दुकानांनी भरलाय. तेव्हा कॉलेज गावाबाहेर होतं. मी भद्रकालीतून सायकलवर जायचो. सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा आणि दिवेलागणीनंतर दिवा नसेल तर पोलीस चाकातली हवा सोडायचा. तालमीहून परतताना चौघांत एक दिवा असायचा. दिवेवाला पुढे, बाकीचे तिघे त्याच्या मागे अगदी चिकटून. गावात शिरलं की सगळे उतरून सायकली हातात धरून चालायचे.

टर्म फीबरोबर जिमखाना फी घेतली जायची. त्यातून क्रिकेटचं सामान, व्हॉलीबॉल, टेबल टेनिस. पण टेबल एक आणि खेळणारे पन्नास. त्यामुळे आमचा खेळ हुतुतू. आज सगळे कबड्डी म्हणतात, पण आमच्या तोंडी हुतुतूच होतं. मैदान आम्ही स्वतः आखायचो. पत्र्याच्या डब्याच्या बुडाला खिळ्याने भोकं पाडायची, डब्यात फक्की भरायची, सुतळी ताणून धरायची आणि सुतळीवरून डबा हलवत उलटं चालत जायचं. रेघ वाकडी आली की आमचे सर पायाने पुसून टाकायचे आणि पुन्हा आखायला लावायचे. त्यांनी कधी कुणावर आवाज चढवला नाही. फक्त रेघ पुसायचे.

विद्यापीठाच्या सामन्यांना एस.टी.ने पुण्याला गेलो होतो. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत. घरून दशम्या बांधून घेतलेल्या. पहिल्याच फेरीत हरलो. परत येताना कुणी बोलेना. संगमनेरला गाडी थांबली तेव्हा आमच्या कॅप्टनने स्वतःच्या पैशाने सगळ्यांना भजी घेतली. तो कळवण बाजूचा शेतकऱ्याचा मुलगा होता आणि त्याच्या खिशात किती पैसे असायचे ते आम्हाला ठाऊक होतं. त्या भज्यांची चव अजून जिभेवर आहे.

पातळाबद्दल मला माहीत नाही. तुमच्या वडिलांचं हे गॅदरिंग मी जायच्या आधीच्या थंडीतलं.

निशिगंधा_ना

आजोबा, किती सुंदर लिहिलंत! नातवालाही धन्यवाद.

नोंदवही

थोडी चौकट देतो, म्हणजे पुढच्यांना सोपं जाईल.

गोखले एज्युकेशन सोसायटीची स्थापना १९१८ ची, आणि तिने १९२४ मध्ये नाशिकला कॉलेज काढलं. तेच आजचं हंसराज प्रागजी ठाकरसी, म्हणजे आपलं एच.पी.टी. कुसुमाग्रज याच कॉलेजचे विद्यार्थी. काळाराम मंदिर प्रवेशाच्या सत्याग्रहात ते उतरले ते विद्यार्थिदशेतच, १९३२ साली. कॉमर्सचं बी.वाय.के. १९५७ मध्ये आलं आणि मविप्र, म्हणजे मराठा विद्या प्रसारक संस्थेचं के.टी.एच.एम. १९६९ मध्ये. म्हणजे आपण ज्या काळाबद्दल बोलतोय त्यातला बराच काळ ‘कॉलेज’ म्हटलं की नाशिकमध्ये एकच अर्थ निघायचा.

दुसरं म्हणजे विद्यापीठ. १९४९ पर्यंत नाशिक मुंबई विद्यापीठाखाली होतं. पुणे विद्यापीठ १० फेब्रुवारी १९४९ ला सुरू झालं आणि नाशिक तिकडे गेलं. @सायकलवाला आजोबा हुतुतू खेळायला मुंबईऐवजी पुण्याला का गेले, त्याचं उत्तर हे.

आणि न.पै. म्हणजे नये पैसे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. चार आण्यांचे पंचवीस नये पैसे बरोबर बसत, पण एका आण्याला सहा धरत. ताई, वहीत खाडाखोड असेल बघा.

गोदाकाठची

@नोंदवही, अगदी बरोबर! प्रत्येक पानावर रुपये-आणे-पै असे तीन रकाने आखलेले आहेत. मधल्या उभ्या रेघेवर फुल्या मारून दोनाचे केलेत. आणि एका ठिकाणी वडिलांनी सवयीने ‘२ आणे’ लिहून, खोडून, ‘१२ न.पै.’ केलंय. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा नवी नाणी शिकत होता. आता ते पान मला वेगळंच दिसायला लागलंय.

कळवणचा

सगळं वाचलं. आवडलं. तरीही एक गोष्ट बोलतो, राग मानू नका.

हा आठवणींचा धागा गावात राहणाऱ्या, घरी दोन वेळचं गरम जेवणाऱ्या मुलांचा आहे. माझे वडील १९५४ मध्ये कळवण तालुक्यातून नाशिकला आले. बोर्डिंगमध्ये राहिले. पहाटे पाचला उठून पाणी भरायचं, पाळीप्रमाणे भाकऱ्या थापायच्या, मग चालत कॉलेज, परत आलं की एका व्यापाऱ्याच्या वखारीत दोन तास हिशोब लिहायचा. गॅदरिंगच्या तालमी संध्याकाळी सहा ते नऊ. तेव्हा वडील वखारीत. नाटक त्यांनी चार वर्षांत एकदा पाहिलं, तेही उभं राहून. नाटकात घ्या म्हणून विचारायला गेले तेव्हा ‘तुझी भाषा शुद्ध नाही’ असं तोंडावर सांगितलं गेलं. कुणी सांगितलं ते वडिलांनी मरेपर्यंत सांगितलं नाही, मीही खोदून विचारलं नाही. पण ते वाक्य त्यांना जसंच्या तसं पाठ होतं.

तेव्हा ‘सगळे मिळून करायचे’ असं लोक म्हणतात ते खरं, पण ‘सगळे’ म्हणजे कोण?

तिसरी घंटा

@कळवणचा, तालमींच्या वेळेचा मुद्दा मान्य. भाषेचा मात्र अर्धाच. नाटकात उच्चार लागतात, ती कलेची गरज आहे. त्यात जातगाव आणू नये.

कळवणचा

घंटाभाऊ, सात पात्रांत एकही शेतकरी, एकही गडी नसायचा का? त्याला कोणती भाषा लागत होती? ती भूमिकासुद्धा गावातलाच मुलगा करायचा आणि आमची बोली विनोदासाठी वापरायचा. वडिलांनी उभं राहून पाहिलेलं नाटक ते हेच.

तिसरी घंटा

यावर माझ्याकडे उत्तर नाही. तुम्ही म्हणता ते मी स्वतः पाहिलंय, अगदी सत्तरच्या दशकापर्यंत. माझं वाक्य मागे घेतो.

येवलेकर

@कळवणचा, +१. आमच्या घरची गोष्ट आणखी वेगळी. माझे थोरले काका नाशिकला न जाता औरंगाबादला गेले, मिलिंद महाविद्यालयात. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९५० मध्ये सुरू केलं होतं. येवल्याहून नाशिक जवळ, तरी ते तिकडे गेले. कारण विचारलं की म्हणायचे, ‘तिथे मला कुणी मागच्या बाकावर बस म्हणालं नाही.’ स्टेजवर पहिल्यांदा बोलायला ते तिथे उभे राहिले. वक्तृत्व स्पर्धेचा विषय महिनाभर आधी फळ्यावर लागायचा आणि हॉस्टेलच्या गच्चीवर रात्री कंदील घेऊन दहाबारा जणांची तयारी चालायची. एक जण बोलायचा, बाकीचे मुद्दाम हुर्यो करायचे, सवय व्हावी म्हणून. पुढे काका तीस वर्षं शिक्षक होते. त्यांचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत जायचा, माइक न घेता.

कंदिलाचं रॉकेल प्रत्येकाने आळीपाळीने आणायचं. त्या गच्चीचा हिशोब कुठल्या वहीत लिहिलेला नसणार, म्हणून इथे लिहून ठेवतोय.

सायकलवाला

नातू लिहितोय, आजोबा सांगतायत. कळवणच्या मुलाला सांग, तुझ्या वडिलांची गोष्ट खरी आहे. आमच्या कॅप्टनलाही नाटकात घेतलं नव्हतं. हुतुतूत मात्र भाषा लागत नव्हती, दम लागत होता. तिथे बोर्डिंगची मुलं राजा होती. लेझीम, कुस्ती, आट्यापाट्या यांत त्यांच्यापुढे आम्ही गावातले कुणी टिकत नसू. गणपतीत बोर्डिंगच्या मुलांचं लेझीम मेनरोडने निघायचं तेव्हा माड्यांवर माणसं दाटायची.

कळवणचा

आजोबा, नमस्कार. वडील लेझीम खेळायचे! ते मी विसरलोच होतो. घरी पितळी चकत्यांचं एक लेझीम अजून खुंटीला आहे.

ब्लँको

कुणी एन.सी.सी.चं नाव काढत नाही हे बघून राहवलं नाही. माझं कॉलेज १९६३ ते ६७. चीनचं युद्ध नुकतंच झालेलं, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेलेले, आणि १९६३ च्या पोटनिवडणुकीत आपल्या नाशिकमधूनच ते बिनविरोध लोकसभेवर गेले. गावात तेव्हा वेगळंच वारं होतं. एन.सी.सी. तशी १९४८ पासून होती, पण ऐच्छिक. १९६३ ला ती सक्तीची झाली आणि १९६८ ला पुन्हा ऐच्छिक. मी बरोबर त्या मधल्या फळीतला.

परेड पहाटे. आदल्या रात्रीची तयारी हाच खरा कार्यक्रम. खाकी ड्रेसला कांजी इतकी कडक की शर्ट जमिनीवर उभा राहावा. कॅनव्हासच्या पट्ट्याला आणि पायातल्या अँकलेटला ओला ब्लँको (पट्टे रंगवायचा लेप) फासायचा, वाळवायचा, पण पितळी बकलावर त्याचा एक ठिपकाही पडता कामा नये. बकल ब्रासोने घासायचं. मी पुठ्ठ्याला बकलाच्या मापाची खाच पाडून घेतली होती, ती बकलाखाली सरकवली की पट्टा खराब न होता पितळ घासता यायचं. हॉस्टेलभर तो पुठ्ठा फिरायचा.

थ्री-नॉट-थ्री रायफल चारेक किलोची. पहिल्यांदा खांद्यावर घेऊन पळताना गळ्याजवळचं हाड सोलून निघालं होतं. पण त्याच रांगेत माझ्या एका बाजूला सराफाचा मुलगा होता आणि दुसऱ्या बाजूला पेठ तालुक्यातला आदिवासी मुलगा, आणि सुभेदारसाहेब तिघांनाही एकाच शब्दात झापायचे. @कळवणचा, तुमच्या ‘सगळे म्हणजे कोण’ या प्रश्नावर मला आठवतं ते हे. सक्ती होती म्हणून सगळे होते.

निशिगंधा_ना

‘सगळे होते’? मुली?

ब्लँको

मुलींची डिव्हिजन १९४९ पासून होती हो. पण आमच्या बॅचला मैदानावर मुली नव्हत्या, हे कबूल.

निशिगंधा_ना

मग मीच लिहिते. आई १९६० ते ६४ कॉलेजात होती आणि एक वर्ष एल.आर., म्हणजे लेडीज रिप्रेझेंटेटिव्ह.

वर्ग भरायच्या आधी मुली लेडीज रूममध्ये बसायच्या. सर वर्गाकडे निघाले की त्यांच्या मागून रांगेने आत जायचं, पहिल्या दोन बाकांवर बसायचं, तास संपला की पुन्हा सरांच्या मागून बाहेर. चार वर्षं! वर्गातल्या मुलांशी आई पहिल्यांदा नीट बोलली ती एल.आर. झाल्यावर, गॅदरिंगच्या मीटिंगमध्ये. ती म्हणते, मीटिंगला जायच्या आदल्या रात्री तिने मुद्दे कागदावर लिहून आरशासमोर म्हटले होते. मागणी काय, तर लेडीज रूमला कॅरम बोर्ड आणि एक आरसा. कॅरम मिळाला. आरसा ‘शोभत नाही’ म्हणून नाकारला.

आणि फिशपाँड. सगळे त्याच्या गमती सांगतात. शेलापागोटे असं गोंडस नावही देतात. पेटीत कुणीही नाव न घालता चिठ्ठी टाकायची आणि स्टेजवरून वाचायची. आईच्या वर्गातल्या एका मुलीवर असा फिशपाँड पडला की ती दुसऱ्या दिवसापासून कॉलेजला आली नाही. घरच्यांनी नाव काढून घेतलं आणि उन्हाळ्यात तिचं लग्न लावून टाकलं. एका चिठ्ठीने तिचं बी.ए. गेलं. पुढच्या वर्षी आईने मीटिंगमध्ये हट्ट धरला की चिठ्ठ्या आधी एका प्राध्यापकांनी चाळायच्या. मुलांनी बराच आरडाओरडा केला, पण ते झालं. आईला कॅरमपेक्षा याचं जास्त वाटतं.

चिवडामिसळ

हे वाचून गप्प झालो. माझे मामा फिशपाँडच्या गोष्टी खूप रंगवून सांगतात. आता पुढच्या वेळी त्यांना हे वाचायला देणार.

थोडं अवांतर. हे मामा नाटकापायी इंटरला, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, दोनदा नापास झाले होते. आजोबांनी त्यांची मेकअपची पेटी गंगेत, म्हणजे आपल्या गोदेत, सोडली. मामांनी व्हिक्टोरिया पुलाखालून पोहत जाऊन ती परत आणली. तिसऱ्या वेळी पास झाले आणि मग आजोबांनी स्वतःच नवी पेटी घेऊन दिली.

नोंदवही

फक्त कॉलेजच्या कुंपणाआतलंच बोलतोय आपण. बाहेरचंही धरा. सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं, तिथे वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती विद्यार्थ्यांची गर्दी. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला, ती १९२२ पासून. परीक्षा संपलेल्या, वारा नदीवरून येणारा, फुकटात मोठमोठी माणसं ऐकायला मिळायची. १९५० मध्ये कुसुमाग्रजांनी लोकहितवादी मंडळ सुरू केलं, त्यातही तरुण मुलं होतीच. आणि १९५५ नंतर संयुक्त महाराष्ट्राची आंदोलनं. अभ्यासेतर म्हणून हेही मोजायला हवं.

तिसरी घंटा

व्याख्यानमालेला आम्ही पुढे सतरंज्या घालायला जायचो. सतरंजी घालणाऱ्याला पुढची जागा, असा अलिखित नियम होता.

गोदाकाठची

मंडळी, पातळ सापडलं!

रविवारी आत्याकडे गेले होते. ती पंच्याऐंशी वर्षांची, वडिलांहून दोनेक वर्षांनी लहान. इतके दिवस तिला विचारायचं सुचलंच नाही, कारण ती कॉलेजात गेली होती हेच मला माहीत नव्हतं! घरात सगळे ‘आत्या अकरावी’ म्हणायचे. ती एक वर्ष कॉलेजात होती, एफ.वाय.ला, तेच वर्ष, १९५७-५८.

वहीतली ओळ वाचून दाखवली तर ती हसलीच नाही. बराच वेळ वहीवर हात ठेवून बसली. मग म्हणाली, ‘माझं आहे ते.’

त्या वर्षी नाटकातल्या सूनबाईच्या भूमिकेसाठी मुलगी घ्यायची असं मुलांनी ठरवलं होतं. प्राध्यापकांचीही हरकत नव्हती. वडिलांनी घरी येऊन बहिणीचं नाव सुचवलं. तिला सगळे संवाद पाठ होते, कारण वडील रात्री माडीवर तिच्यासमोरच पाठांतर करायचे. आजोबांनी एका शब्दात नाही म्हटलं. मग ती भूमिका वडिलांच्या एका मित्राने केली आणि नेसायला आत्याचं पातळ नेलं. कॉलेजात जायला लागल्यावर आजीने घेऊन दिलेलं, तिचं एकुलतं एक जरीकाठी. नाटक तिने पाहिलं, बायकांच्या रांगेत बसून, ओठांतल्या ओठांत सगळे संवाद म्हणत. एका ठिकाणी तो मुलगा अडखळला तेव्हा हिने खालून हळूच शब्द दिला. शेजारच्या बाईने चिमटा काढला म्हणे.

डाग रॉकेलचा. नाटकानंतर विंगेत पेट्रोमॅक्स उतरवताना सांडलं. रिठ्याने धुतलं, उन्हात घातलं, जाईना. वडील पातळाची घडी घेऊन तिच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, ‘ताई, चुकलो.’ लहान बहिणीला ते त्या दिवशी ताई म्हणाले. ती म्हणते, ती माफी डागाची नव्हती.

पुढे तिचं लग्न झालं. ते पातळ ती बरीच वर्षं नेसली. डाग निऱ्यांत दडेल असं नेसायची.

आणखी एक. तिचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून त्या वर्षीचं कॉलेजचं हस्तलिखित, म्हणजे हाताने लिहिलेला अंक, तिने लिहून दिलं होतं. घरी बसून करायचं काम, म्हणून आजोबांनी अडवलं नाही. नव्वद पानं, बोरूने. @निशिगंधा_ना, तुझ्या आईला सांग, तिच्या दोनतीन वर्षं आधी आणखी एक मुलगी तिथे होती.

निशिगंधा_ना

आईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणतेय, आत्याबाईंचा नंबर मिळेल का? तुला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

कळवणचा

ताई, मी पहिल्या प्रतिसादात जरा जोरात बोललो होतो. तुमच्या घरातही दार बंद झालेलं माणूस होतं, हे तेव्हा तुम्हालाही माहीत नव्हतं. आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा. ते हस्तलिखित कुठे आहे? कॉलेजच्या ग्रंथालयात असेल तर मी शोधायला यायला तयार आहे. शनिवारी सुट्टी असते.

तिसरी घंटा

मीही येतो.

सायकलवाला

आजोबा विचारतायत, भूमिका करणारा तो मित्र उंच, घाऱ्या डोळ्यांचा होता का? तसा एक जण पुढच्या वर्षी आमच्या सीनिअरला होता आणि त्याला सगळे ‘वहिनी’ म्हणायचे.

गोदाकाठची

@सायकलवाला, आत्याला विचारून सांगते! @कळवणचा, शनिवारी नक्की, वेळ कळवते.

आत्याने हिशोबाची वही ठेवून घेतली आहे. पानन् पान तपासतेय. काल रात्री फोन आला, ‘चिवडा तीन शेर लिहिलाय ते चूक आहे. चार शेर होता. पिशवी मीच धरली होती. एक शेर तालमीच्या पोरांनी वाटेतच संपवला आणि तुझ्या बापाने तो हिशोबात धरलाच नाही.’